विश्लेषण : सलीम अली खरेच ‘पक्ष्यांचे डॉक्टर’ होते का? पिंजरा, कडे आणि पदवी नसलेल्या डॉक्टरची गोष्ट

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन, तर १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. शाळाशाळांत ‘डॉ. सलीम अली’ असे फलक लागतात आणि एखादे पोर हमखास विचारते, हे डॉक्टर पोपटांवर उपचार करायचे का? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. सलीम अली पशुवैद्य नव्हते. पुस्तकी अर्थाने ते डॉक्टरही नव्हते. त्यांच्याकडे विद्यापीठाची साधी पदवी नव्हती, नावामागचे ‘डॉ.’ अलीगढसह काही विद्यापीठांनी सन्मान म्हणून दिले. तरीही पक्षी हातात कसा धरायचा, त्याच्या अंगावरच्या गोचिडीतून काय कळते, आजार पक्ष्याकडून माणसाकडे येतो का, हे प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन:पुन्हा आले. आज अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये बजरिगर पाळणाऱ्यापासून कुक्कुटपालकापर्यंत सगळ्यांचा ज्यांच्याशी संबंध येतो, तेच हे प्रश्न.

खेतवाडीतला पहिला पिंजरा कसा होता?

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. भावंडांत धाकटे असलेले सलीम मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांच्या खेतवाडीतल्या घरात वाढले. मामांना शिकारीचा शौक होता आणि घरात माणसांचा राबता.

त्या काळी तित्तर आणि लावे बाजारातून जिवंत आणले जात, कापण्यासाठी. छोट्या सलीमने त्यातले काही स्वयंपाकघराच्या वाटेवरून परत फिरवले आणि खोक्याला जाळी मारून त्यात ठेवले. पक्ष्यांशी त्यांची पहिली ओळख झाली ती अशी, दुर्बिणीतून नव्हे. कुटुंबाच्या सुट्ट्या चेंबूरला जात. तेव्हाचे चेंबूर म्हणजे टेकड्या आणि झाडी. आजच्या वाचकाला हे खरे वाटणार नाही, पण पहाटे गाणाऱ्या दयाळाचा आवाज त्यांच्या मनात कायमचा बसला तो तिथला.

मग १९०८च्या सुमारास ती प्रसिद्ध चिमणी आली. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती खाण्यायोग्य आहे का, ही शंका घेऊन मुलगा मामांकडे गेला. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) पाठवले. सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी चिमणी ओळखून दाखवली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडले आणि पुढे कातडे सोलून नमुना कसा तयार करायचा, तेही शिकवले.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकातून सगळ्यांनी वाचलेली असते. त्याच वास्तूतल्या दुसऱ्या एका पक्ष्याकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष जात नाही.

विल्यम नावाच्या धनेशाचे काय झाले?

सोसायटीची कचेरी तेव्हा अपोलो स्ट्रीटवर, एच. एम. फिप्सन यांच्या मद्यविक्रीच्या पेढीत होती. तिथे विल्यम नावाचा महाधनेश राहत असे. १८९४ मध्ये कारवारहून तो पिल्लू असताना आला आणि २६ वर्षे जगला. त्याने एकदा पेटती सिगार गिळली आणि त्याला काही झाले नाही, असे सांगतात. पण १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळला आणि त्यात तो गेला. सोसायटीच्या बोधचिन्हावर जो धनेश दिसतो, तो हाच.

आज एखादा पक्षीवैद्य विल्यमची हकिगत ऐकेल तर त्याला नवल वाटणार नाही. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या पोटात तार, खिळा, मण्याचा तुकडा जाणे ही रोजची तक्रार आहे. पोपटवर्गीय पक्षी चोचीने सगळे चाचपून पाहतात. तार पोटात टोचते, हा एक धोका. जस्ताचा मुलामा दिलेल्या स्वस्त, नव्या जाळीचे कण पोटात जाऊन होणारी विषबाधा हा दुसरा, आणि तो अधिक चोरटा. पक्षी सुस्तावतो, विष्ठेचा रंग बदलतो, तोल जातो. मालकाला वाटते, हवा बदलली म्हणून असेल. १९२० मध्ये क्ष-किरण यंत्रे होती, पण धनेशाला त्यापुढे नेण्याची पद्धत नव्हती. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आणि शेजारी बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय होते. पण त्या काळचे पशुवैद्यक मुख्यतः घोडे आणि गुराढोरांसाठी होते. शहर घोड्यांवर आणि बैलांवर चालत होते. त्यामुळे पिंजऱ्यातला पक्षी त्या विद्येच्या कक्षेत फारसा नव्हताच.

पदवी नसल्याने किती अडले?

बरेच. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्समध्ये पहिल्याच वर्षी मन रमले नाही, म्हणून घरच्या खाण आणि लाकडाच्या व्यवसायासाठी १९१४ मध्ये ब्रह्मदेशात तावॉयला गेले. तिथे धंद्यापेक्षा जंगलच जास्त पाहिले. १९१७ मध्ये परतल्यावर हिशेब आणि व्यापारी कायद्याचे शिक्षण सुरू झाले, सोबत झेवियर्सच्या फादर ब्लाटर यांच्या आग्रहाने प्राणिशास्त्र. १९१८च्या डिसेंबरात तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. पण पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात जागा मिळाली नाही.

१९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून महिना ३५० रुपयांची नोकरी मिळाली. दोन वर्षांत ती कंटाळवाणी वाटू लागली आणि रजा घेऊन ते बर्लिनला गेले.

बर्लिन हा त्यांच्या आयुष्यातला खरा सांधा आहे, असे मला वाटते. तिथे प्राणी संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. त्याच वर्तुळात ऑस्कर हाइनरोथ होते. या गृहस्थांनी आणि त्यांच्या पत्नीने बर्लिनमधल्या राहत्या घरात अडीचशेहून अधिक जातींची पिल्ले हाताने वाढवून त्यांच्या वाढीची नोंद केली होती. पक्षी मारून खणात ठेवण्याच्या काळात पक्षी जिवंत ठेवून शिकण्याची ही पद्धत नवी होती. आणि हेलगोलँड बेटावरच्या केंद्रात सलीम अलींनी पक्ष्यांच्या पायात कडे घालण्याचे तंत्र शिकून घेतले.

योगायोग असा की नेमक्या त्याच काळात, १९२९-३० मध्ये, युरोप-अमेरिकेत ‘सिटाकोसिस’ची, म्हणजे पोपटतापाची साथ पसरली. दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या पाळीव पोपटांमुळे माणसांना न्यूमोनिया होऊ लागला. पाळलेल्या पक्ष्याकडून माणसाला गंभीर आजार होऊ शकतो, हे जगाला तेव्हा ठळकपणे कळले. तो जिवाणूजन्य आजार आहे आणि आज प्रतिजैविकांनी बरा होतो. पण घरातल्या पोपटाची नाक-डोळे गळत असतील आणि मालकाला ताप-खोकला असेल, तर घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे. बहुतेक जण ते सांगत नाहीत.

पक्षी हातात धरण्यात एवढे काय शिकायचे असते?

ज्याने कधी घाबरलेली मुनिया मुठीत पकडली आहे, त्याला हा प्रश्न पडणार नाही. सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल पक्ष्यांना नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा फुप्फुसांतून आणि वायुकोशांतून खेळते. म्हणजे प्रेमाने का होईना, पण छातीभोवती मूठ आवळली तर पक्षी गुदमरतो. कडे घालणारे लोक पक्ष्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात घेतात, पाठ तळव्याला टेकवतात आणि छाती मोकळी सोडतात. पक्षीवैद्यही लहान पक्षी तपासताना हीच पकड वापरतात.

कड्याची कल्पना भारतात त्याआधीही आली होती. धारच्या महाराजांनी १९२०च्या दशकात बदकांच्या पायात कडी घातली. पुढे बीएनएचएसने ते काम हाती घेतले. कड्यावर क्रमांक असतो आणि पक्षी सापडल्यास सोसायटीला कळवण्याची सूचना. मुंबईत आजही जखमी पक्षी सापडला तर आधी त्याचे पाय पाहावेत. कडे असेल तर तो क्रमांक हजारो किलोमीटरच्या प्रवासाचा पुरावा असू शकतो.

१९३० मध्ये परतल्यावर संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. नोकरी नाही, पत्नी सोबत, खर्च जेमतेम. ते किहीमला गेले. अलिबागजवळच्या त्या घराशेजारी सुगरणींची वसाहत होती आणि तिथे त्यांनी महिनोन् महिने बसून पाहिले की घरटे विणणारा नर असतो. तो अर्धे विणून थांबतो, मादीने पसंत केले तरच पुरे करतो आणि मग शेजारी दुसऱ्या मादीसाठी नवे सुरू करतो. मराठीत आपण त्या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव देऊन मोकळे झालो होतो. याच सुगरण पक्ष्यांना पकडून रस्त्यावरचे खेळकरी नाणी उचलायला शिकवत. पाहणाऱ्याला ती करमणूक वाटे. किहीमच्या नोंदी वाचल्यावर मात्र कळते की पिंजऱ्यातला सुगरण आपले सगळे आयुष्यच हरवून बसलेला असतो.

१९३९ मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली तेव्हा ४२ वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. वांद्र्याच्या पाली हिलवर बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले, ते अखेरपर्यंत. हैदराबाद, त्रावणकोर, कच्छ अशा संस्थानांची पक्षी सर्वेक्षणे, १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे गाजलेले पुस्तक, १९५० मध्ये स्वीडनच्या परिषदेसाठी सोबत नेलेली मोटरसायकल, डिलन रिप्ली यांच्यासह १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झालेला दहा खंडांचा ग्रंथ, पद्मभूषण (१९५८), पद्मविभूषण (१९७६). हा तपशील सर्वत्र मिळतो.

पक्षी, गोचीड आणि संसदेतला वाद काय होता?

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणू लागली. विषाणू सापडला तो रशियातल्या एका विषाणूशी साधर्म्य सांगणारा. शंका निघाली : सायबेरियातून येणारे स्थलांतरित पक्षी अंगावरच्या गोचिडींतून हा आजार आणत असतील का? जागतिक आरोग्य संघटनेने पैसा पुरवला आणि सलीम अलींच्या नेतृत्वाखाली बीएनएचएसने हजारो पक्षी जाळ्यांत पकडून त्यांना कडी घातली, गोचिडी गोळा केल्या.

सोसायटीकडे स्थलांतराच्या अभ्यासासाठी कधीच पुरेसा पैसा नव्हता. आजाराच्या भीतीने तो आला. सलीम अली भावनेपेक्षा व्यवहार पाहणारे होते. त्यांनी संधी साधली. त्यातून कोणता पक्षी कुठून येतो, याची भारतातली पहिली मोठी माहिती हाती आली. क्यासनूरचा विषाणू बाहेरून आलेला नसून स्थानिक गोचिडींतला, स्वतंत्र असल्याचे पुढे स्पष्ट झाले. हाच आजार आपल्याकडे ‘माकडताप’ म्हणून ओळखला जातो. २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसराला त्याचा चांगलाच परिचय आहे.

पुढचा टप्पा महागात पडला. प्रकल्पाला अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका पक्षी-रोग सर्वेक्षणाचे पाठबळ मिळाले. १९७०च्या दशकाच्या मध्यावर वर्तमानपत्रांतून आरोप झाले की पक्ष्यांचा वापर जैविक युद्धाच्या माहितीसाठी होतो आहे. संसदेच्या लोकलेखा समितीनेही ताशेरे ओढले. सलीम अलींनी आरोप नाकारले. त्यांच्या हेतूवर शंका घेण्यासारखे काही पुढे आले नाही. पण परकी लष्करी पैसा घेताना प्रश्न विचारले जाणारच, हे त्यांच्यासारख्या अनुभवी माणसाने आधी ओळखायला हवे होते, असे म्हणावेसे वाटते.

त्या कामाचा उपयोग नंतर वेगळ्याच ठिकाणी झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, अनेक कुक्कुटपालक उद्ध्वस्त झाले. रोग स्थलांतरित पक्ष्यांनी आणला की माल-वाहतुकीने, या वादात पक्ष्यांच्या मार्गांची माहिती लागते आणि ती कड्यांमधूनच मिळते. पाळीव थव्यांना ग्रासणारा जुना शत्रू वेगळाच : रानीखेत, मराठीत मानमोडी. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात. कोंबड्यांसाठी लस आहे. गच्चीवर कबुतरे पाळणाऱ्यांना त्यांच्यातही याच कुळातला आजार होतो, हे अनेकदा माहीत नसते.

गिधाडांशी त्यांचा संबंध कुठे येतो?

भरतपूरचे केवलादेव हे सलीम अलींनी जिवाच्या आकांताने राखलेले पाणथळ. १९८०च्या दशकात बीएनएचएसच्या अभ्यासकांनी तिथल्या गिधाडांची मोजणी करून ठेवली होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा मोजले तेव्हा ती जवळपास संपली होती. पहिली मोजणी नसती, तर ऱ्हास किती हे सिद्ध करता आले नसते.

कारण सापडले ते पशुवैद्यकाच्या पिशवीत. जनावरांना वेदनेसाठी देत ते डायक्लोफिनॅक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई, मूत्रपिंडे निकामी होत आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचे. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवरही. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय ठरला. पिंजोरला बंदिस्त प्रजनन सुरू झाले आणि तिथली गिधाडे २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोबात आणली गेली. बंदिस्त थव्यांचे वैद्यक इथे एका जातीला वाचवण्याचे साधन बनले. हे पाहायला सलीम अली नव्हते. २० जून १९८७ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. १९८५ पासून ते राज्यसभेचे सदस्य होते.

ते पक्षी पाळण्याच्या विरोधात होते का?

सरळ उत्तर नाही. त्यांनी हजारो पक्षी अभ्यासासाठी मारले आणि ते लपवले नाही. निव्वळ भूतदयेची भाषा त्यांची नव्हती. पक्ष्याची जात टिकणे, त्याचे रान टिकणे हे त्यांच्या लेखी एकेका पक्ष्यापेक्षा मोठे होते. ज्या सोसायटीत ते आयुष्यभर वावरले, तिने मात्र पक्षी व्यापाराविरुद्ध भूमिका घेतली आणि १९७२चा वन्यजीव कायदा व १९९०-९१ मधले निर्बंध यानंतर देशी पक्षी पकडणे, विकणे, पाळणे बेकायदा झाले.

म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या गॅलरीत टांगलेला ‘मिठू’ अर्थात देशी पोपट कायद्याने गुन्हा आहे, मग तो कितीही लाडाचा असो. मुनियाही तशीच. परदेशी पक्ष्यांचे वेगळे. बजरिगर, कॉकॅटिएल, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड यांवर आंतरराष्ट्रीय व्यापार-यादीचे बंधन नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा अशा यादीतल्या पक्ष्यांची मात्र ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करावी लागते. नोंद नसेल तर उपचाराला नेतानाही मालक बिचकतो आणि पक्ष्याचे हाल होतात.

उपनगरातल्या पाळीव पक्ष्यांच्या तक्रारी बहुधा पिंजऱ्यातच तयार होतात. फक्त बाजरी-राळे आणि सूर्यफुलाच्या बिया खाऊन ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते, चरबी वाढते. हिरवी भाजी, गाजर, लाल भोपळा, कॅल्शियमसाठी समुद्रफेस एवढे केले तरी फरक पडतो. न चिकटणारा तवा जास्त तापला की त्याचा वास माणसाला जेमतेम येतो, पण स्वयंपाकघरातला बजरिगर काही मिनिटांत मरू शकतो. आणि पक्षी आजार लपवतात. रानात आजारी दिसणे म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण. पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला, श्वासागणिक शेपूट हलवणारा पक्षी हा ‘आज जरा शांत आहे’ असा नसतो, त्याला त्याच दिवशी डॉक्टर लागतो.

संक्रांतीच्या आठवड्यात परिस्थिती वेगळी. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर बंदी घातली तरी तो विकला जातो आणि घारी, घुबडे, बगळे पंख चिरून खाली येतात. मांजा ओढून काढू नये, दोन्ही बाजूंनी कापावा. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. वनविभागाला वा बचाव संस्थेला कळवावे, कारण देशी पक्षी उपचारासाठीसुद्धा घरी ठेवून घेण्याची मुभा नाही.

गोरेगावच्या चित्रनगरीलगत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत बीएनएचएसचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे.  पूर्वेला ठाण्याच्या खाडीत दरवर्षी हजारो रोहित येतात. १९४५ मध्ये सलीम अलींनी कच्छच्या रणात जाऊन रोहितांची ती अफाट वसाहत पाहिली होती. मुंबईच्या खाडीतल्या पक्ष्यांना आता सोसायटी पायात कडी आणि पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे लावते आणि त्यांची वाट गुजरातकडे जाताना दिसते. २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरवर उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला. पंतनगर परिसरात ३९ पक्षी मरून पडले आणि ते शवविच्छेदनासाठी नेण्यात आले.